विद्यार्थ्यांचे यंत्रमानव : स्पर्धेपूर्वीची तांत्रिक सिद्धता

आशिया व पॅसिफिक विभागातील देशांच्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या 'रोबोकॉन' या यंत्रमानव स्पर्धेचा प्रारंभ 2002 मध्ये टोकियो येथे झाला. यजमान देशाने आपल्या परंपरेतील एखादा खेळ वा प्रसंग निवडावा आणि त्यावर स्पर्धेचा विषय बेतावा, असा तिचा प्रघात आहे. 2008 मध्ये ही स्पर्धा पुण्यात भरली, तेव्हा गोविंदा व दहीहंडीची कल्पना विषय म्हणून निवडण्यात आली होती. 2014 मध्ये पुण्याला हा मान पुन्हा मिळाला, तर 2022 मध्ये नवी दिल्ली येथील स्पर्धेचा विषय होता लगोरी. आपल्या गल्लीबोळांत मुले जे खेळ सहज खेळतात, तेच यंत्राकडून करवून घेताना गणित, यंत्रशास्त्र व विद्युत्शास्त्र यांची कसोटी लागते.

रोबोकॉन ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा होय. शालेय विद्यार्थ्यांसाठी 'वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड' ही स्पर्धा 2004 पासून होत असून 2016 मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय मेळावा भारतात भरला होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या अटल नवप्रवर्तन अभियानाखाली सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्यात येऊ लागल्या. निवड झालेल्या शाळेस त्यासाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. देशभरात अशा 10,000 प्रयोगशाळा स्थापन झाल्या असून, पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी 50,000 प्रयोगशाळा उघडण्याचा संकल्प 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाला. साहित्य अशा रीतीने खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचू लागले आहे. आता प्रश्न आहे तो त्या साहित्यावर मुलांचा हात बसण्याचा.

स्पर्धेच्या मैदानावर यंत्रमानव थांबतो, तेव्हा त्यामागे कल्पनेचा तोकडेपणा क्वचितच असतो. बहुधा एखादी तार सैल झालेली असते, बॅटरी उतरलेली असते किंवा दिव्यांच्या प्रकाशाने संवेदक गोंधळलेला असतो. ही कारणे साधी असून आधीच ओळखता येण्याजोगी आहेत. कित्येक महिन्यांच्या परिश्रमांवर एका सुट्या तारेमुळे पाणी पडू नये, यासाठी पुढील बाबी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

नियमपुस्तिका आणि आराखडा

प्रत्येक स्पर्धेची नियमपुस्तिका असते. यंत्राची लांबी, रुंदी, उंची, वजन, बॅटरीचा दाब आणि वेळ यांच्या मर्यादा तीत दिलेल्या असतात. पहिला स्क्रू पिळण्यापूर्वी संघातील प्रत्येकाने ही पुस्तिका वाचावी आणि मर्यादांचा तक्ता करून भिंतीवर लावावा. वजनाची मर्यादा 5 किलोग्रॅम असेल, तर आराखडा साडेचार किलोग्रॅमचाच करावा. कारण शेवटच्या आठवड्यात वजन वाढते, घटत नाही.

आराखडा जितका साधा, तितका यशाचा संभव अधिक. हे केवळ अनुभवाचे बोल नव्हेत, त्यास गणिताचा आधार आहे. एखाद्या कामाचे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा यशस्वी होतो असे मानू. पाचही टप्पे एका दमात पार पडण्याची शक्यता मग 90 टक्के राहत नाही, ती सुमारे 59 टक्क्यांवर येते. हेच प्रमाण प्रत्येक टप्प्यास 98 टक्के केल्यास एकूण यश 90 टक्क्यांच्या आसपास जाते. यास्तव नवीन करामत जोडण्यापेक्षा एखादा टप्पा वगळणे किंवा आहे तो पक्का करणे अधिक लाभाचे ठरते.

सांगाडा, चाके आणि वेग

सांगाड्यासाठी महागड्या सुट्या भागांची गरज नसते. प्लायवुड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या व पीव्हीसी नळी हे साहित्य तालुक्याच्या गावी मिळते आणि मोडल्यास तत्काळ बदलता येते. बॅटरी हा बहुधा सर्वांत जड भाग असतो. ती शक्य तितकी खाली आणि मोटार जोडलेल्या चाकांच्या आसाजवळ बसवावी. जमिनीवरील पकड ही त्या चाकांवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. सगळा भार पुढच्या मोकळ्या चाकावर गेल्यास चालती चाके जागीच गरगरतात आणि यंत्र हलत नाही. दहीहंडीसारख्या विषयात यंत्राला उंच हात लावावा लागतो. असे यंत्र एकाएकी थांबले की पुढे कलंडते. म्हणून त्याचा पाया रुंद ठेवावा आणि वेग हळूहळू वाढवावा व कमी करावा.

वेगाचा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यासही करता येईल. 65 मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे 204 मिलिमीटर भरतो. मोटार मिनिटास 150 फेरे घेत असल्यास यंत्र मिनिटाला सुमारे 30.6 मीटर, म्हणजे सेकंदाला 51 सेंटिमीटर जाईल. प्रत्यक्षात भारामुळे हा वेग कमी पडतो. दंतचक्रांच्या योजनेने वेग वाढविल्यास जोर घटतो आणि जोर वाढविल्यास वेग घटतो. वस्तू ढकलावयाची की रेषेवर धावावयाचे, हे ठरवून मगच मोटार निवडावी.

वीजपुरवठा : अपयशाचे मुख्य मूळ

मोटार सुरू होताना किंवा अडकून पडताना ती नेहमीच्या चालीपेक्षा कित्येक पट प्रवाह ओढते. बॅटरी दुबळी असल्यास त्या क्षणी तिचा दाब खाली येतो आणि नियंत्रक फलक बंद पडून पुन्हा आरंभापासून काम सुरू करतो. पाहणाऱ्यास वाटते की आज्ञावली चुकली. मुले रात्रभर तीच तपासत बसतात. दोष मात्र बॅटरीत असतो. रेडिओ वा मल्टिमीटरमध्ये वापरली जाणारी 9 व्होल्टची लहान चौकोनी बॅटरी मोटारीसाठी म्हणूनच निरुपयोगी होय.

यावर उपाय सोपे आहेत. मोटारी आणि नियंत्रक फलक यांना स्वतंत्र पुरवठा द्यावा. मात्र दोन्हींची ऋण टोके एकमेकांस जोडलेली असावीत, अन्यथा फलकाची आज्ञा मोटारीपर्यंत पोहोचत नाही. मोटार ड्रायव्हरमध्ये खर्ची पडणारा दाबही हिशेबात धरावा. शाळांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या एल-298 या ड्रायव्हरमध्ये सुमारे 2 व्होल्ट वाया जातात. 7.4 व्होल्टच्या बॅटरीतून मोटारीच्या वाट्याला मग साडेपाच व्होल्टच्या आसपासच दाब येतो. बॅटरीच्या धन टोकालगत योग्य क्षमतेचा फ्यूज आणि सहज हाताशी येईल असा बंद करण्याचा खटका असलाच पाहिजे.

लिथियम बॅटरी हलकी व जोमदार असली, तरी तिची हाताळणी काळजीपूर्वक व्हावयास हवी. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब 4.2 व्होल्ट असतो. तो 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. जोडघटांची बॅटरी प्रत्येक घटाचा दाब समतोल राखणाऱ्या चार्जरवरच आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली भरावी. फुगलेली वा ठेचलेली बॅटरी वापरातून काढून उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. नव्यानेच आरंभ करणाऱ्या शाळेने 1.2 व्होल्टचे पुन्हा भरता येणारे सहा निकेल घट एका रांगेत जोडल्यास 7.2 व्होल्ट मिळतात आणि धोका बराच कमी होतो.

जोडण्या व तारा

ब्रेडबोर्ड हा प्रयोगासाठी उत्तम, धावत्या यंत्रासाठी नव्हे. त्यात खोचलेल्या तारा हादऱ्याने निसटतात. मंडल एकदा सिद्ध झाले की ते झाळकाम करून पक्के करावे. झाळताना कथिल वितळवून सांध्यावर टाकू नये. सांधा तापवून त्यावर कथिल आपोआप पसरू द्यावे. प्रत्येक सांधा हलकेच ओढून पाहावा. धन टोकास लाल आणि ऋण टोकास काळी तार हा नियम कधीही मोडू नये. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावल्यास ऐन स्पर्धेत दुरुस्ती करताना वेळ वाचतो.

ग्रामीण भागातील संघ बहुधा एस. टी. ने स्पर्धेच्या गावी जातो. काही तासांच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. यासाठी स्प्रिंग वॉशर वापरावेत आणि मुक्कामी पोहोचताच प्रत्येक नट-बोल्ट व सांधा यादीनुसार तपासावा.

संवेदकांचा भरवसा

काळी रेषा ओळखणारे संवेदक अवरक्त किरणांच्या परावर्तनावर काम करतात. सूर्यप्रकाशातही हे किरण विपुल असल्याने शाळेच्या खोलीत अचूक चालणारे यंत्र खिडकीशेजारी वा मांडवात भरकटते. म्हणून आज्ञावलीत ठरीव आकडा लिहून ठेवू नये. स्पर्धेच्या जागी पांढऱ्या पृष्ठभागावर व काळ्या रेषेवर प्रत्यक्ष वाचन घ्यावे. ते अनुक्रमे 150 व 850 आल्यास 500 हा उंबरठा धरावा. संवेदकांभोवती काळ्या कागदाचा आडोसा केल्यास बाहेरचा प्रकाश बराच अडतो.

अंतर मोजणारा श्राव्यातीत संवेदक ध्वनीस जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजतो. ध्वनीचा वेग 20 अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे 343 मीटर आणि 40 अंशास सुमारे 355 मीटर असतो. हिवाळ्यात जुळविलेले यंत्र विदर्भातील उन्हाळ्यात 100 सेंटिमीटरवरील भिंत सुमारे 97 सेंटिमीटरवर असल्याचे दाखवील. हा फरक थोडा वाटला, तरी वस्तू पकडताना तो जाणवतो.

आज्ञावली आणि नोंदवही

रेषेवर चालणारे यंत्र डावी-उजवीकडे झोके खात जाते, त्याचे कारण प्रत्येक चुकीस ते सारख्याच जोराने वळते. कसलेला सायकलस्वार थोडा कलला तर हँडल थोडे वळवतो, अधिक कलला तर अधिक. वळण्याचे प्रमाण चुकीच्या प्रमाणात ठेवावे, हेच तत्त्व आज्ञावलीत आणल्यास चाल सरळ होते. एका वेळी एकच बदल करावा आणि चालणाऱ्या आज्ञावलीची प्रत तारीख घालून जपून ठेवावी.

नोंदवही ही संघाची खरी मिळकत होय. दिनांक, केलेला बदल, दहा फेऱ्यांपैकी यशस्वी फेऱ्या आणि बॅटरीचा दाब एवढ्या चार रकान्यांनी काम भागते. स्पर्धेपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात यंत्रात नवी भर घालणे थांबवून केवळ सराव करावा. नोंदी ठेवण्याचे काम मुलींकडे आणि पक्कड-मल्टिमीटर मुलांच्या हाती, अशी वाटणी कित्येक संघांतून नकळत होते. शिक्षकांनी दर आठवड्यास कामे बदलून ती टाळावी. झाळकाम करणारी मुलगी व नोंदी ठेवणारा मुलगा अशी अदलाबदल झाल्याने एक विद्यार्थी आजारी पडला तरी संघ अडून राहत नाही, आणि यंत्र सर्वांचे होते.

शाळा, ग्रामपंचायत व गाव

या कामी गावाचे साह्य मोलाचे ठरते. सरावाचे मैदान तयार करण्यास मोठा खर्च येत नाही. वापरून झालेल्या फ्लेक्स फलकाची पांढरी पाठ आणि काळी इन्सुलेशन टेप एवढ्यावर रेषेचा मार्ग आखता येतो. ग्रामपंचायतीने संध्याकाळी समाजमंदिराची खोली खुली करून दिल्यास आणि शाळेत योग्य अर्थिंग असलेला वीजजोड करून दिल्यास सरावाची मुख्य अडचण दूर होते. गावात मोटारींचे वाइंडिंग करणारा कारागीर, वेल्डर, सुतार असतातच. त्यांच्या हातातील कसब कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. महिन्यातून एक दिवस त्यांना शाळेत बोलावल्यास मुलांना सांधा कसा पक्का करावा हे डोळ्यांनी पाहावयास मिळेल, आणि त्या कसबाचा योग्य मानही राखला जाईल.

साहित्य मोडेल या भीतीने पेटी कुलुपात ठेवण्याची प्रवृत्ती मात्र सोडावयास हवी. जळालेला मोटार ड्रायव्हर काहीशे रुपयांत नवा येतो. न वापरलेली प्रयोगशाळा मुलांची वर्षे वाया घालवते. पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी साठा-नोंदवहीबरोबरच विद्यार्थ्यांची प्रयोगवही मागून पाहिली, तर या कामाला योग्य दिशा मिळेल.

स्पर्धेत पारितोषिक एकाच संघास मिळते. परंतु मोजून पाहणे, दोष शोधताना अंदाजावर विसंबून न राहणे आणि अपयशाची नोंद प्रामाणिकपणे ठेवणे, ही सवय प्रत्येक संघ घरी घेऊन जातो. शेतातील पंप बंद पडला असता फ्यूज, जोडणी, दाब अशा क्रमाने तपासणी करणारी मुलगी याच सरावातून घडेल. यंत्रमानव स्पर्धेकडे शाळांनी व ग्रामपंचायतींनी या दृष्टीने पाहणे इष्ट आहे.