दहा बाय बारा, कुठून येतो वारा?

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीतली खोली दहा फूट बाय बारा फुटांची, छत दहा फुटांवर. एवढ्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. रात्री तिथे सहा माणसं झोपतात असं धरू. गणपतीत गावचे पाहुणे आले की आकडा कुठवर जातो ते विचारू नये. झोपलेला मोठा माणूस तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा जणांचे झाले ९० लिटर. दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या, तर हवेतलं या वायूचं प्रमाण तासाभरात दर दहा लाख भागांत सव्वाचारशेवरून तीन हजारांपर्यंत चढतं. याने जीव जात नाही. सकाळी डोकं जड होतं, अंग आंबल्यासारखं वाटतं आणि खोलीला एक कोंदट वास येतो.

बरं, माणूस काही नुसता श्वास सोडत नाही. झोपेतही त्याच्या अंगातून ७० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. श्वासातून आणि घामातून तासाला ४०-एक ग्रॅम पाण्याची वाफ जाते. सहा जणांची रात्रभराची वाफ गोळा केली, तर जवळजवळ दोन लिटर पाणी होईल. मुंबईच्या दमट हवेत हे पाणी आधीच भरलेल्या भांड्यात ओतल्यासारखं असतं. पंखा लावून यातलं काहीही सुटत नाही. तो खोलीतली तीच हवा गरगर फिरवतो, घाम वाळवतो, तेवढाच आराम.

कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत हजाराच्या आत ठेवायचा, तर या खोलीला तासाला दीडशे घनमीटरहून थोडी जास्त ताजी हवा लागेल. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला साडेचार वेळा बदलायची. यंत्राशिवाय हे कसं जमायचं?

जुन्या लाकडी चाळीतली खिडकी नीट पाहिली तर उत्तर मिळतं. ती उंच असते, तिचा पाट जमिनीपासून फार वर नसतो आणि तिला उभे गज असतात. झडपा दोन मजली, खालची जोडी वेगळी आणि वरची वेगळी. काही ठिकाणी झडपांना तिरक्या लाकडी पट्ट्या असतात. त्यातून वारा आत येतो, पण समोरच्या बिऱ्हाडाला आतलं दिसत नाही. या सगळ्याच्या वर, बहुधा दारावरही, एक झरोका असतो. कधी त्यात रंगीत काचा असतात, कधी नुसतीच नक्षीची जाळी.

अशा रचनेमागे साधं भौतिकशास्त्र आहे. माणसांनी तापवलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि झरोक्यातून निसटते. तिची जागा भरायला खालच्या झडपेतून बाहेरची गार हवा ओढली जाते. वरच्या आणि खालच्या भोकांत दोन मीटरचं अंतर आहे, आतली हवा बाहेरच्यापेक्षा तीन अंशांनी गरम आहे आणि प्रत्येक भोक दोन चौरस फुटांचं आहे असं धरा. मग तासाला सुमारे १९० घनमीटर हवा आपोआप बदलते, म्हणजे साडेपाच वेळा! आपल्या सहा जणांची सोय झाली आणि वर थोडी शिल्लक राहिली. पडताळा घ्यायचा असेल, तर वारा पडलेल्या रात्री एक उदबत्ती खालच्या झडपेपाशी धरा आणि मग झरोक्यापाशी. खाली धूर खोलीत शिरेल, वर बाहेर पळेल. खोलीत मात्र आधी माणसं बसलेली हवीत, कारण या यंत्राचं इंधन तीच आहेत.

हे यंत्र फार अशक्त आहे. या हिशेबात हवेला ढकलणारा दाब एका चौरस मीटरवर जेमतेम २३ ग्रॅम वजनाएवढा येतो. वाऱ्याचं बळ वेगळंच. सेकंदाला दोन मीटर वेगाची साधी झुळूक भिंतीवर आदळली, तर दाब चौरस मीटरला पाव किलोच्या घरात जातो. दहापट. पण वाऱ्याची एक अट आहे. आत शिरायला जशी वाट लागते, तशी बाहेर पडायलाही लागते. एकाच भिंतीला भली मोठी खिडकी ठेवली आणि समोरची बाजू बंद असली, तर वारा उंबऱ्यावरूनच परत जातो.

गॅलरीच्या चाळीत ही वाट तयारच असते. एका बाजूला गॅलरी आणि दार, दुसऱ्या बाजूला गल्लीवरची खिडकी. दार उघडं टाकून पडदा लावला की झालं. चाळीतलं दार दिवसभर उघडं का असतं, याची कारणं आपण शेजारधर्मात शोधतो. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा वाऱ्याचा आहे. बीडीडी चाळींत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधलेल्या या काँक्रीटच्या चाळींत बाहेरून गॅलरी नाही. मधोमध बोळ आणि दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. तुमच्या खिडकीतून शिरलेला वारा तुमच्या दारातून बोळात येतो, बोळ ओलांडून समोरच्यांच्या दारात शिरतो आणि त्यांच्या खिडकीतून बाहेर पडतो. समोरच्यांनी दार लावून घेतलं की तुमचा वारा अडला. अशा इमारतीत अबोला धरणं उकाड्याच्या दिवसांत महागात पडत असणार.

वाऱ्याचा हा विचार एका खोलीपुरता नव्हता. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळती नाही म्हणून रोग फोफावतो, अशी तेव्हाची समजूत होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, तेव्हा निदान चुकलं होतं. उपाय मात्र कामाचे निघाले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते समुद्राकडून पूर्वेकडे काढले, ते पश्चिमेचा वारा गर्दीच्या वस्तीत घुसावा म्हणूनही. सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, गिरगाव चौपाटीच्या बाजूने डोंगरीकडे जाणारा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांच्या उजेड-हवेवर व्याख्यान दिलं. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नसावा. शाळेतल्या त्रिकोणमितीने पाहिलं, तर दोन इमारतींमधली मोकळी जागा उंचीच्या निम्मी तरी हवी. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत फिरताना दोन इमारतींमध्ये जो मोकळेपणा जाणवतो, तो याच ट्रस्टच्या आखणीतून आला.

मग खोलीत पोटमाळा आला. कुटुंब वाढलं, जमीन वाढेना, तेव्हा सात फुटांवर फळ्या टाकल्या. जागा दीडपट झाली, पण झरोका माळ्याच्या वर गेला. खालच्या खोलीतली गरम हवा आता फळ्यांखाली अडून बसते आणि शिडीच्या भोकातून जेवढी वर जाईल तेवढी जाते. माळ्यावर झोपणाऱ्याला स्वतःची उष्णता, खालच्यांची उष्णता आणि तापलेल्या कौलांची किंवा पत्र्याची उष्णता अशी तिहेरी भेट मिळते. माळा घालताना भिंतीलगत वीतभर फट सोडून तिथे जाळी बसवली, तरी बराच फरक पडतो. पण वीतभर जागा सोडायला कोण तयार होणार!

खरा घाव घातला तो स्लायडिंगने. गेल्या काही दशकांत लाकडी झडपा गेल्या आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या. त्यांची सोय नाकारता येत नाही. बाहेर झडप उघडत नाही, म्हणून बॉक्स ग्रिल बसवता येतं, ग्रिलमध्ये तुळस आणि कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही मावतात. पण दोन काचांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८च्या इको निवास संहितेतही हिशेब असाच आहे. दोन पाखांच्या सरकत्या खिडकीचं उघडणारं क्षेत्र ५० टक्के धरायचं, बिजागरीच्या खिडकीचं ९० टक्के. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणारं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावं, असंही ती सांगते. हा नियम पूर्ण घराला लागतो, पण आपल्या १२० चौरस फुटांच्या खोलीला लावून पाहू. हवेत २० चौरस फूट. चार बाय चारची खिडकी बिजागरीची असेल तर साडेचौदाच्या आसपास मिळतात, उरलेले झरोका भरून काढतो. स्लायडिंग असेल तर मिळतात फक्त आठ. त्यावर डासांची जाळी. वाऱ्याचं बळ चौरस मीटरला पाव किलो असताना बारीक जाळीचा अडथळाही जाणवतो.

दुसरं नुकसान चटकन लक्षात येत नाही. जुन्या चाळीत हवा ठरवून केलेल्या भोकांतून येत होती, तशीच न ठरवलेल्या फटींतूनही येत होती. कौलांच्या सांध्यांतून, तक्तपोशीच्या फळ्यांमधून, दाराच्या चौकटीतून. सिमेंट, टाइल्स आणि सीलंटने त्या फटी बुजवल्या. खोली हवाबंद झाली की सगळा भार खिडकीवर येतो. याचं एक टोकाचं उदाहरण घ्या. १९६८ साली कॅनडातल्या विनिपेग इथे बोलर नावाची एक छोटी फिरती खोली निघाली. गाडीमागे जोडून ओढायची, जेमतेम चार मीटर लांबीची. फायबरग्लासची दोन अर्धी कवचं साच्यातून काढून मध्यावर जोडलेली, त्यामुळे पाणी गळायला सांधे फार थोडे. हवेलाही तसंच. अशा गाड्यांत खिडकी कुठली बसवायची हा मोठा प्रश्न होऊन बसतो. सरकती काच घट्ट बसते, पण पावसात बंद करावी लागते. आडव्या काचपट्ट्यांची खिडकी पावसातही उघडी राहते, पण बंद केली तरी थोडी हवा गळतेच. कॅनडाच्या थंडीत ही गळती हा दोष. लालबागेत तो दोष धरायचं कारण नाही.

पावसाचा मुद्दा मुंबईला तर फारच लागू पडतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वाराही तेवढ्याच वेगाचा असला, तर थेंब ४५ अंशांत तिरका घरात येतो. सरकती खिडकी तेव्हा लावावीच लागते. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात याचा अर्थ असा, की हवा सर्वांत दमट असते नेमकी तेव्हाच खोली बंद. बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या पट्ट्या थेंब अडवतात आणि हवा सोडतात. वर बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकीही तेच काम करते. लोक ती फक्त न्हाणीघराला बसवतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

हे सगळं निव्वळ आरामापुरतं असतं तर वर्तमानपत्रात एवढी जागा खर्च करायची गरज नव्हती. खोकल्यातून उडालेले क्षयाचे जंतू हवेत तासन्‌तास तरंगतात, आणि हवा जितक्या वेळा बदलेल तितके ते विरळ होतात. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही इमारतींमधलं अंतर अवघं तीन मीटर होतं. जिथे ऊन आणि वारा पोचत नव्हता, अशा खालच्या मजल्यांवर क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. ऑर यांच्या नियमाने तीन मीटर अंतर सोडलं, तर समोरची इमारत सहा मीटर उंच बांधता येते. म्हणजे दोन मजले.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, स्वतःचं संडास-न्हाणीघर, लिफ्ट. शंभर वर्षं बोळातल्या सामायिक नळावर काढलेल्यांना हे मिळायलाच हवं होतं. आता नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि गिरगाव-लालबागच्या खासगी चाळींतही नकाशे दाखवले जात आहेत. त्यांत हॉल किती बाय किती हे ठळक छापलेलं असतं. त्याच बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारावेत. खिडकीची किती काच उघडते? मुख्य दार बंद असताना वाऱ्याला बाहेर पडायला दुसरी वाट कुठली? आणि सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर काय आहे, आकाश की शेजारच्या टॉवरची पार्किंगची भिंत?