कुंडल रोडचा माळ

मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की भिलवडीच्या पुढे किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं, आणि भोवती नुसता निवडुंगाचा माळ. नागांचा सुळसुळाट वेगळाच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना मूळ बेळगावचा. शहराची वाढ करायची म्हणून नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हा ३२ एकर माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. त्यांना गादीवर येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. संस्थान बहात्तर खेड्यांचं, तीही सातारा-सांगलीपासून विजापूरपर्यंत विखुरलेली. महसूल पावसाच्या भरवशावर. एवढ्याशा खजिन्यातून दहा हजार काढायला छाती लागते.

आजच्या भाषेत हे विशेष आर्थिक क्षेत्रच (सेझ) की! कांडल्याचं निर्यात क्षेत्र १९६५चं, सेझचा कायदा २००५चा. औंध त्यांच्या कितीतरी आधी. पण फरक आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. सेझचा माल मुख्यतः परदेशी जायचा. इथला लोखंडी नांगर पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यासाठी होता. तोही सुखासुखी घेत नव्हता. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. आणखी एक फरक: कारखान्याला दिलेली जमीन पडीकच होती, त्यामुळे कुणाचं पिकतं रान गेलं नाही. रायगडात २००८ साली महामुंबई सेझवर शेतकऱ्यांचं जनमत घ्यावं लागलं, ते सुपीक जमिनीमुळे.

माळावर नुसती भट्टी पेटली नाही. कामगारांची घरं उठली, लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णांनी वसाहत सांभाळली, आणि १९२० पासून शंकरराव किर्लोस्करांचं मासिकही इथूनच निघू लागलं. मराठी घराघरांत गावाचं नाव पोचलं ते नांगराइतकंच या मासिकाने.

सवलत मात्र सगळीकडे सारखी फळत नाही. कऱ्हाड स्टेशनाजवळची, औंध संस्थानातलीच ओगलेवाडी पाहा. तिथल्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील एकेकाळी घरोघरी असे. वीज आली, कंदील गेला, कारखानाही बंद पडला. किर्लोस्करवाडीने नांगरावरून पंपाकडे वळायला उशीर केला नाही. तिथे पंप आजही तयार होतात.