मरण पाहायला निघालेली तीन मुलं

'सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे.' हे अनुमान आपण तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकतो. अनुमान बिनचूक आहे. पण तेवढ्यानं मरण कळतं का? काझुमी युमोतो या जपानी लेखिकेची 'नात्सु नो निवा', म्हणजे 'उन्हाळ्यातली बाग', ही १९९२ सालची किशोर कादंबरी याच प्रश्नापासून सुरू होते.

सहावीतली तीन मुलं. यामाशिता आजीच्या अंत्यविधीहून परत येतो आणि कावाबेला ध्यास लागतो, मेलेला माणूस पाहायचाच! जवळच एक म्हातारा एकटा राहतो. तो आज ना उद्या जाणार, असं ऐकलेलं. झालं, त्याच्यावर पाळत सुरू. कथा सांगणारा कियामाही त्यात ओढला जातो.

आता इथे नीट लक्ष द्यायला हवं. मुलांच्या लेखी म्हातारा म्हणजे अनुमानातला सॉक्रेटिसच, एक उदाहरण. पण आपल्यावर नजर आहे हे कळल्यावर म्हातारा चिडतो आणि चक्क सुधारायला लागतो! भर उन्हाळ्यात टीव्हीपुढे बसून राहणारा तो माणूस कामाला लागतो, मुलांनाही लावतो. कचरा काढणं, कपडे वाळत घालणं, तण उपटणं, मग कॉसमॉसचं बी पेरणं. पुढे तो युद्धात आपल्या हातून झालेली हत्या सांगतो. त्या ओझ्यापायीच तो बायकोकडे परतला नव्हता. म्हणजे उदाहरणाला आता भूतकाळ आला, अपराध आला.

कठोपनिषदातला नचिकेत मरणाचं रहस्य थेट यमालाच विचारतो. या मुलांच्या वाट्याला तसा गुरू नाही. त्यांना उत्तर मिळतं ते तण उपटता उपटता.

सुट्टीतल्या फुटबॉल शिबिराहून मुलं परततात, तेव्हा म्हातारा गेलेला असतो. जे पाहायचं होतं ते समोर आहे. पण आता ते 'मेलेला माणूस' पाहत नाहीत. त्याला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी आता कुणाला सांगायच्या, हा त्यांचा प्रश्न आहे. मरण ही घटना म्हणून नव्हे, तर एका विशिष्ट माणसाचं नसणं म्हणून कळतं, ते असं.

आपण मुलांना मरणाच्या खोलीपासून दूर ठेवतो, ते त्यांच्या काळजीनं. पण त्याच काळजीपोटी त्यांना म्हाताऱ्या माणसांपासूनही दूर ठेवत नाही ना, एवढं आपण स्वतःला विचारू या.