आधी बसा, मग भिजा

आमच्या कोलशेतच्या खाडीला वेळापत्रक आहे. खाडीकाठच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, आज भरती किती वाजता? तो घड्याळाकडे बघणार नाही, उलट तुम्हालाच विचारेल, आज तिथी कोणती? तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, की समुद्राच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तो ज्याचा त्याने अनुभवाने धरायचा. किनाऱ्यावरच्या कितीतरी पिढ्यांनी याच हिशेबावर होड्या पाण्यात लोटल्या.

धबधब्याला मात्र तिथी नाही. त्याचे पाणी कधी चढेल हे पंचांगात सापडत नाही आणि मोबाईलवरही नेमके कळत नाही. दर पावसाळ्यात आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतली हजारो कुटुंबे मुलाबाळांना घेऊन धबधब्यांकडे निघतात. कुणी बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला, कुणी कसाऱ्याच्या पुढे विहीगावला, कुणी माळशेज घाटात. जाऊ नका, असे सांगणारा मी नाही. चौदाव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाने डोंगरावरून कोसळणारे पाणी एकदा तरी जवळून पाहिलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की सहल ठरवताना गाडी, डबे, कपडे असे सगळे ठरते, पण विसावा कुणी ठरवत नाही. दमल्यावर बसू, असे आपण धरून चालतो. लहान मुले बरोबर असताना हा हिशेब चुकतो, आणि कधीकधी फार महागात पडतो.

आधी पाण्याचे बघू. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला, म्हणून त्याचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात आणि प्रत्येक पायरीवरून पाणी उडी मारते. या दगडात पाणी फारसे मुरत नाही. वर माती पातळ, उतार तीव्र. त्यामुळे माथ्यावर जोराची सर आली की ते पाणी काही मिनिटांतच खाली येते. खाली आपण असतो तिथे कदाचित ऊनही पडलेले असते! पाऊस किती ठिकठिकाणचा असतो याचे उदाहरण आपण कुणीच विसरलेलो नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. एका शहरात ही तऱ्हा, तर डोंगराचा माथा आणि पायथा यांचे काय सांगावे?

वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. बाबांच्या गुडघ्याला लागणारे पाणी पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागते आणि खाली शेवाळलेला दगड असतो. ३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक महिला आणि चार मुले, एकाच कुटुंबातली, प्रवाहाच्या मधल्या खडकावर अडकली. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे आणि वाढत जाणारे पाणी ही दृश्ये अनेकांनी मोबाईलवर पाहिली. पाचही जणांचा जीव गेला. ती माणसे खोल डोहात पोहायला उतरली नव्हती, हे लक्षात घ्या.

आता आपला नेहमीचा रविवार पाहा. सहाला निघायचे ठरते, प्रत्यक्षात साडेनऊ वाजतात. कोलशेतहून माजिवड्याला येईपर्यंतच मुले विचारू लागतात, आले का? पुढे भिवंडी बायपासची कोंडी. विहीगावला पोचेपर्यंत एक वाजतो. मुलांच्या पोटात वेफर्सशिवाय काही नाही, गाडी चालवणाऱ्याचे डोके तापलेले, आणि संध्याकाळी परतायचे म्हणून सगळ्यांनाच घाई. गाडीतून उतरले की थेट पाण्यात. जेवण साडेतीनला, ओल्या कपड्यांनी. निघताना धाकटा रडून पाय टाकायला तयार नसतो, म्हणून त्याला कडेवर घेऊन निसरड्या पायऱ्या चढायच्या. तोवर दुपारच्या पावसाने ओढा फुगलेला. दिवसातले सगळ्यांत अवघड काम आपण अशा वेळी करतो, जेव्हा अंगात सगळ्यांत कमी त्राण उरलेले असते.

म्हणून विसावा दिवसाच्या शेवटी नको, सुरुवातीलाच घ्या. धबधब्यापाशी पोचल्यावर पहिला अर्धा तास कुणीही पाण्यात उतरायचे नाही. उंचवट्यावर, कड्यापासून लांब सतरंजी टाकायची आणि खायचे. मुलांना एक काम द्या. काठावरचा, निम्मा पाण्यात असलेला एखादा दगड हेरायचा आणि दर पाच मिनिटांनी सांगायचे, दगड तेवढाच दिसतो की बुडत चालला? मुले हे फार मन लावून करतात. अर्ध्या तासात प्रवासाचा शीण उतरतो, पोटात काही जाते आणि पाणी चढते आहे की स्थिर आहे हेही कळते. या अर्ध्या तासाइतका स्वस्त पहारेकरी दुसरा नाही. दगड बुडू लागला, पाणी गढूळ झाले, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, तर त्याच पावली उठून वर चढायचे. चपला, डबे राहिले तर राहू द्यावेत.

बसायची जागा नीट निवडा. प्रवाहाच्या मधला सपाट खडक फोटोला छान दिसतो, पण तो पाण्याचाच रस्ता आहे. कड्याच्या अगदी खालीही नको, पावसात वरून दगड सुटतात. आणि ओढा ओलांडून पलीकडे कधीच बसू नये. परतीची वाट ज्या काठाला आहे, आपली बैठक त्याच काठाला. येताना घोट्याएवढे असलेले पाणी जाताना तेवढेच असेल, अशी हमी कोण देणार?

पुढची गोष्ट थंडीची. तुम्ही म्हणाल, ठाण्याच्या माणसाला जुलैत कसली थंडी? पण पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब काढून घेते. लहान मुलांचे वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा मोठा, म्हणून ती आपल्याआधी गारठतात. वर धबधब्याचा वारा. मूल खेळण्याच्या नादात सांगत नाही. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले, नेहमीचे बडबडे पोर गप्प झाले, की खेळ संपला. पंधरा-वीस मिनिटे पाणी, मग बाहेर. अंग कोरडे करून, सुके कपडे घालून, गरम काहीतरी पोटात. वाटले तर पुन्हा एकदा पंधरा मिनिटे. एवढ्यात मुलांची हौस भागते. तास न् तास भिजण्याची हौस खरे तर मोठ्यांचीच असते! सुक्या कपड्यांचा जोड एक नको, दोन हवेत, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले.

आणि आईच्या विसाव्याचे काय? घरातली बाई पहाटे चारला उठून पुऱ्या लाटते, धबधब्यावर सगळ्यांना वाढते, ओले कपडे पिळते आणि घरी आल्यावर तेच कपडे धुते. तिची सहल कुठली? त्यापेक्षा घरून केळी, चणे, राजगिऱ्याचे लाडू एवढेच न्यावे. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटेवर भाजलेली कणसे, कांदाभजी, चहा मिळतो. गावातल्या एखाद्या घरी जाताना सांगून ठेवले तर पिठले-भाकरीही होते. त्या घरालाही चार पैसे मिळतात. पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम पाळीने वाटून घ्या. एक मोठे माणूस कोरडे आणि काठावर, हातात मोबाईल न घेता. एरवी हे काम पिशव्या सांभाळणाऱ्या आजींच्या गळ्यात पडते, आणि खरे सांगायचे तर अख्ख्या घोळक्यात पाण्याकडे बघणाऱ्या त्या एकट्याच असतात. त्यांनी ‘आता पुरे’ म्हटले की वाद घालू नये.

कुठे जायचे हे मी सांगत बसत नाही. निघण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मात्र पाहा. पावसाळ्यात धबधबे, धरणे अशा धोक्याच्या ठिकाणांवर ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत मनाई आदेश निघतात. आपल्या उशाशी असलेल्या येऊरच्या ओढ्यांकडे जाण्यावरही वनखात्याचे निर्बंध असतात. खारघरच्या पांडवकड्यावर बंदी आहे आणि तिथे गेलेले बळी पाहता ती योग्यच आहे. बंदी असलेल्या ठिकाणी आडवाटेने मुलांना नेणारे पालक मला समजत नाहीत.

मुले लहान असतील तर माझे मत सप्टेंबरच्या बाजूने आहे. जुलैतल्या चढ्या पाण्यापेक्षा गणपतीनंतरचे पाणी सहसा निवळलेले, एका लयीत पडणारे असते. गर्दी ओसरलेली, रानात तेरडा फुललेला. विहीगावचा धबधबा, २००१ च्या ‘अशोका’ चित्रपटापासून लोक ज्याला अशोका म्हणतात, तो तेव्हाही चांगला वाहत असतो. फक्त एक ध्यानात ठेवा, उत्तरा आणि हस्ताचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो आणि गडगडाटासह येतो. म्हणजे सहल सकाळचीच. पहाटे निघावे, नऊपर्यंत पोचावे, बारा-साडेबाराला पाठ फिरवावी. इतक्या लवकर? असे मुले म्हणतीलच. म्हणू द्या. अजून थोडे हवे होते, असे वाटत असतानाच निघालेले बरे.

जमल्यास लोकलने जा. ठाण्याहून कसारा ८७ किलोमीटर, दोन तासांच्या आतबाहेर, आणि तिथून पुढे दहा-बारा किलोमीटर जीपने. गाडी चालवणारा माणूसही दमतो, ओल्या अंगाने घाट उतरताना त्याला पेंग येते, याचा विचार आपण करत नाही. परतीला कसाऱ्याहून लोकल तिथूनच सुटते, त्यामुळे दुपारी बसायला जागा मिळते. खिडकी मिळाली तर मोठ्याला द्या, धाकट्याला मांडीवर घ्या. खर्डी यायच्या आत दोघेही झोपलेले असतात.