मोठ्या जेट विमानाकडे वळताना

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाले. पोलाद, सिमेंट व वीज या उद्योगांच्या या प्रदेशात माना येथील विमानतळावर प्रवासी विमानांबरोबर कंपन्यांची खाजगी विमानेही उतरतात. प्रॉपेलरचे दोन इंजिनांचे विमान वर्षानुवर्षे चालविलेला वैमानिक जेव्हा मोठ्या जेटकडे वळतो, तेव्हा त्याला नवे असे काय शिकावे लागते?

पहिली गोष्ट दूरदृष्टीची. खाली येताना दर हजार फुटांमागे साधारणतः तीन सागरी मैल अंतर लागते. पश्चिमेकडून वीस हजार फुटांवरून येणाऱ्या विमानाने डोंगरगडच्या आसपास उतरण्यास आरंभ केला तरी चालते. चाळीस हजार फुटांवरील जेटला मात्र तो निर्णय भंडाऱ्याजवळच, म्हणजे सुमारे २१५ किलोमीटर आधी, घ्यावा लागतो. शिवाय शक्ती कमी करताच प्रॉपेलर विमानाला लगाम घालतो. जेटचा वेग तितक्या सहज ओसरत नाही. उलट, मंद ठेवलेल्या जेट इंजिनाला पुन्हा पूर्ण जोर धरण्यास काही सेकंद लागतात. जमिनीजवळ हे सेकंद फार मोलाचे ठरतात.

दुसरी गोष्ट हवेची. माना समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१७ मीटर उंच आहे. पण मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, की तेथील हवा सुमारे १,४५० मीटर उंचीवरील सर्वसाधारण हवेइतकी विरळ होते. धावपट्टी जणू महाबळेश्वराहूनही उंच जाते. अशा वेळी इंजिनाचा जोर घटतो, उड्डाणासाठी अधिक धावावे लागते. म्हणून इंधन किंवा प्रवासी कमी करावे लागतात, अथवा संध्याकाळची वाट पाहावी लागते. घाईत असलेल्या मालकाला हे सांगण्याचे धैर्यही वैमानिकाच्या कौशल्याचाच भाग होय.

कायद्यानुसार प्रत्येक नव्या प्रकारच्या विमानासाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद लागते. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडणे, आग लागणे असे प्रसंग पुनःपुन्हा घडवून सराव करून घेतात. एकट्याने उडण्याची सवय असलेल्याला येथे सहवैमानिकाची सूचना ऐकण्याचीही सवय लावून घ्यावी लागते. हजारो तासांचा अनुभव उपयोगी पडतोच. परंतु जुन्या हाताने नव्या यंत्रापुढे पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी ठेवली, तरच.