घरचा संगणक व त्याची राखण

महसुली कचेरींत आमच्या उमेदीचीं वर्षें गेलीं. त्या काळांत एक दुःखद प्रकार आम्हांस वारंवार पाहावयास मिळे. कोणा वृद्धानें केव्हां तरी भरवशाच्या माणसापुढें कोऱ्या कागदावर अंगठा उठविलेला असे, आणि पुढें त्याचीं मुलें गेलेली जमीन परत मिळविण्यासाठीं कचेरीचे उंबरठे झिजवीत असत. कोऱ्या कागदाचा तो काळ आतां बहुतेक सरला. परंतु अंगठ्याची जागा मोबाइलवर येणाऱ्या आंकड्यांनीं, म्हणजे ओटीपीनें, घेतली आहे. म्हणून घरचा मोबाइल व संगणक यांची राखण कशी करावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका कांदा बागाईतदारास गांवच्या व्हॉट्सॲप गटांतून संदेश आला कीं, किसान सन्मान निधीचा हप्ता अडकला असून सोबतची यादी उघडून नांव तपासावें. पाठविणारा ओळखीचा, म्हणून त्यानें यादी उघडली. ती यादी नव्हतीच. 'एपीके' म्हणजे मोबाइलमध्यें नवें ॲप बसविणारी फाइल होती. त्या ॲपनें सरकारी पानासारखें पान दाखवून खात्याचा व कार्डाचा तपशील भरून घेतला, आणि मोबाइलवरील संदेश वाचण्याची परवानगी मागितली. ती मिळतांच बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊं लागले. आमच्या बागाईतदारानें ओटीपी कोणासही सांगितला नव्हता. तरीही कांद्याची पट्टी जमा झालेलें खातें एका रात्रींत रिकामें झालें. संदेश पाठविणाऱ्याचा मोबाइलही आधींच याच रीतीनें चोराच्या हातीं गेलेला होता.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता थेट खात्यांत जमा होतो; त्यासाठीं गटांतून आलेली कोणतीही फाइल उघडावी लागत नाहीं. दुसरी, ॲप घ्यावयाचें तर तें प्ले स्टोअरवरूनच घ्यावें, आणि तें संदेश वाचण्याची परवानगी कां मागतें, हा प्रश्न स्वतःस विचारावा. तिसरी, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं. 'पैसे पाठवितों, पिन दाबा' असें म्हणणारा मनुष्य चोर समजावा.

आतां संगणकाकडे वळूं. पुष्कळ घरीं मुलांच्या अभ्यासासाठीं घेतलेल्या संगणकांतच सातबारा, कर्जाचे कागद व हिशेब सांठविलेले असतात. अशा संगणकाचें पहिलें कुंपण म्हणजे वेळोवेळीं येणारे अपडेट होत. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाची कीड दीडशेंहून अधिक देशांतील संगणकांत शिरली. तिनें आंतील कागदांस कुलूप घालून खंडणी मागितली. ज्या भगदाडांतून ती शिरली, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं मार्च महिन्यांत दिली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली, त्यांच्या संगणकांचें तें भगदाड बुजलें होतें. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्यांचा संगणक जुना आहे त्यांनीं नव्या आवृत्तीची सोय पाहावी.

दुसरें, फुकट मिळते म्हणून सॉफ्टवेअरची चोरीची प्रत बसवूं नये. किडका बेणा लावून पिकाची आशा धरावी, तसाच तो प्रकार आहे. विंडोजमध्यें असलेलें संरक्षण बंद करूं नये. 'आपला संगणक बिघडला, या क्रमांकावर फोन करा' अशी पाटी पडद्यावर आल्यास फोन करूं नये, व परक्याच्या सांगण्यावरून दुरून संगणक चालविण्याचें ॲप मुळींच घेऊं नये. मुलांसाठीं वेगळें व मर्यादित अधिकारांचें खातें उघडावें. बँकेचा पासवर्ड लांब असावा व तोच दुसरीकडे वापरूं नये.

तिसरें, बियाणें जसें आपण एकाच कणगींत ठेवीत नाहीं, तसे महत्त्वाचे कागद एकाच संगणकांत ठेवूं नयेत. महिन्यांतून एकदां त्यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि काम होतांच ती डिस्क काढून पेटींत ठेवावी. ती जोडलेलीच राहिली, तर कुलूप घालणारी कीड तिच्यांतही शिरते.

इतकी काळजी घेऊनही घात झालाच, तर प्रथम त्या मोबाइलचें इंटरनेट बंद करावें. मग दुसऱ्या फोनवरून बँकेस व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें, व शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पळविली जाते. ती काढून घेण्यापूर्वीं कळविलें, तरच वाटेंत अडविण्याची आशा असते. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावे.

आमच्या बागाईतदारानें लोक हंसतील या भीतीनें दोन दिवस कोणास सांगितलें नाहीं, आणि त्या दोन दिवसांतच सारी रक्कम हातची गेली. फसविणारा गुन्हेगार असतो, फसलेला नव्हे. ज्यांस मोबाइलवरील अक्षर वाचण्याची संवय नाहीं, अशा घरांतील वडीलधाऱ्यांस वाचकांनीं आजच ही गोष्ट समजावून सांगावी, अशी आमची विनंति आहे.