जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनास टर्बोचार्जर

जुन्या मोटारीचे, मालमोटारीचे किंवा मोठ्या ट्रॅक्टरचे सहा सिलिंडरचे इंजिन भार ओढेनासे झाले, की "त्याला टर्बो बसवा, नव्यासारखे चालेल," असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. अपुऱ्या माहितीवर केलेला हा खर्च ऐन हंगामात इंजिन फुटण्यास कारण होऊ शकतो. म्हणून या यंत्राचे कार्य व त्याच्या मर्यादा समजून घेणे हितावह आहे.

टर्बोचार्जर म्हणजे काय ?

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर वाया जाते. या वेगवान धुराने एक लहान चक्र फिरवावयाचे व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरील हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावयाची, ही टर्बोचार्जरची कल्पना होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणून हवा अधिक भरली, तरच अधिक इंधन स्वच्छ जळू शकते व शक्ती वाढते. नुसती हवा वाढवून इंधन तेवढेच ठेवले, तर धूर कमी होईल. परंतु शक्तीत फारसा फरक पडणार नाही.

हवा दाबली की ती तापते, हेही ध्यानात ठेवावे. बाहेरील ३५ अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबाला नेली, तर तिचे तपमान ९० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवेचे वजन मात्र साधारणतः चतुर्थांशानेच वाढते. याकरिता पुष्कळ इंजिनांत दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर जोडतात.

अनुभव काय सांगतो ?

१९६१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने 'डी-१९' हा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्या सहा सिलिंडरच्या, सुमारे ४.३ लिटरच्या डिझेल इंजिनास कारखान्यातूनच टर्बोचार्जर बसविलेला होता. पेट्रोल इंजिनाची गोष्ट अधिक नाजूक आहे. १९६२ मध्ये शेव्हरोले कंपनीने आपल्या 'कॉर्व्हेअर' मोटारीच्या सुमारे २.४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनास टर्बोचार्जर देऊन १५० अश्वशक्ती मिळविली. परंतु त्यासाठी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर उतरवून ८ वर आणावे लागले आणि आतील भागही अधिक मजबूत घालावे लागले. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण फार दाबले व तापले, तर ते ठिणगीची लय सोडून आपोआप पेटते, इंजिन ठोके देते आणि दट्ट्या फुटतो. कारखान्यास जे टाळता आले नाही, ते गावातील गॅरेजला टाळता येईल असे समजू नये.

धुळीचा धडा तर सर्वांत बोलका आहे. १९५२ च्या इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची डिझेल मोटार उतरली होती. तिचे इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ६.६ लिटरचे व टर्बोचार्जर जोडलेले होते. चाचणीत ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेग गाठून फ्रेड अगाबाशियन याने पहिले स्थान पटकाविले. पण प्रत्यक्ष शर्यतीत २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर मोटार थांबली. टर्बोचार्जरचे हवेचे तोंड जमिनीलगत होते. ते टायरच्या रबराच्या कणांनी बुजून गेले. याच कंपनीच्या भागीदारीने १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. डांबरी मार्गावर जे घडले, ते नांगरलेल्या रानात किती सहज घडेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

बसविण्यापूर्वी तपासणी

प्रथम इंजिनाचा मूळ आजार ओळखावा. हवा गाळणी तुंबलेली असणे, इंजेक्टर झिजणे, डिझेल पंपाची वेळ बिघडणे, व्हॉल्व्ह न बसणे यांनीही शक्ती घटते. हे दोष दुरुस्त केल्यास पुष्कळदा टर्बोचार्जरची गरजच उरत नाही. धूर निळा येत असेल, तर इंजिन तेल जाळीत आहे. अशा झिजलेल्या इंजिनास टर्बोचार्जर लावू नये. सर्व सहा सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एकही कमी भरल्यास आधी दुरुस्ती करावी.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. निर्मात्याने त्याच इंजिनाचा टर्बो प्रकार काढला असल्यास दट्टे, गॅस्केट व तेलपंप त्याचेच घ्यावेत.
२. टर्बोचार्जरमधून परतणारी तेलाची नळी रुंद व सतत उताराची असावी. ती वर चढल्यास तेल अडून सीलमधून गळते.
३. हवा गाळणी मोठी असावी आणि तिच्यापुढील नळीचे सर्व सांधे हवाबंद असावेत.
४. धुराचे तपमान दाखविणारे मापक बसवावे. डिझेल इंजिनात ते ७०० अंश सेल्सिअसच्या वर टिकू देऊ नये.
५. रेडिएटर, क्लच व गिअर मूळ शक्तीसाठीच आखलेले असतात, हे विसरू नये.

रस्त्यावरील वाहनाबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लागू होते. मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

वापर व निगा

टर्बोचार्जरचे चक्र मिनिटास लाखाच्या आसपास फेऱ्या घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. म्हणून इंजिन सुरू करताच ते जोरात चालवू नये. भाराचे काम संपल्यावर दोन ते तीन मिनिटे मंद गतीवर ठेवून मगच बंद करावे. अन्यथा तापलेल्या बेअरिंगवर तेल जळून कोळसा होतो. तेल ठरलेल्या मुदतीपूर्वी बदलणे उत्तम.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय शेतकऱ्यांपुढे मांडताना इंजिनाची प्रकृती, खर्च व उपयोग यांचा ताळेबंद प्रथम मांडावा. निरोगी डिझेल इंजिनास योग्य तयारीनिशी दिलेला टर्बोचार्जर उपयुक्त ठरेल. आजारी इंजिनास दिलेला टर्बोचार्जर मात्र थकलेल्या बैलावर आसूड ओढण्यासारखा आहे.